पहिली कोंबडी मेली, तेव्हाच सांगा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात आसगावकडची एक पन्नाशीची बाई आली. चार दिवसांचा ताप, कोरडा खोकला, अंगदुखी. मी नेहमीचे प्रश्न विचारले. मधुमेह आहे का, घरात कुणाला क्षयरोग झाला होता का, दम लागतो का. तपासलं आणि औषधं लिहून दिली. ती उठली आणि दाराशी उभ्या असलेल्या लेकीला म्हणाली, "लवकर घरी जाऊन तरी काय कराचं? खुराडा रिकामाच आहे."

मी तिला परत बसवलं. "चौदा होत्या जी," ती सांगू लागली. "तीन दिसांत सबन गेल्या. दोनच रायल्या." मेलेल्या कोंबड्यांचं काय केलं? नाल्यात टाकल्या. आणि ज्या पेंगत होत्या, पण मेल्या नव्हत्या, त्यांतल्या दोन कापून खाल्ल्या. कापणं, पिसं काढणं, आतडी साफ करणं, सगळं तिनंच केलं होतं, उघड्या हातांनी. "जीव होता तवा कापल्या, मेलेल्या नाही खाल्ल्या," हे तिनं मला दोनदा सांगितलं. मी रागावेन असं तिला वाटत असावं.

खरं तर राग मला स्वतःचाच आला होता. तीस वर्षं सरकारी रुग्णालयात काम करतो आहे. ज्या तालुक्यात बहुतेक घरांच्या सांदवाडीत कोंबड्या फिरतात, तिथल्या तापाच्या रुग्णाला "घरी कोंबड्या आहेत का, त्या बऱ्या आहेत का?" हा प्रश्न मी विचारला नव्हता. तिच्या घशातला नमुना तपासला, तो साध्या हंगामी फ्लूचा निघाला. ती आठवड्यात बरी झाली. पण तिच्या कोंबड्या कशानं मेल्या हे आजवर कुणालाच कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही. उत्तर ज्यात होतं ते नाल्यातून वाहून गेलं.

"कोंबड्यांना रोग आला" हे आपल्या गावांतलं नेहमीचं वाक्य. त्या तीन शब्दांवर आपण प्रकरण मिटवतो. माणूस मेला तर कारण विचारतो, म्हैस मेली तर डॉक्टरला बोलावतो, कोंबड्या मेल्या तर नव्या आणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही सवय आता परवडणारी नाही. कोंबडीच्या मरणाचं कारण बहुतेक वेळा शोधता येतं. पण ते पहिल्या एक-दोन कोंबड्या मरतात तेव्हाच. सगळा खुराडा रिकामा झाल्यावर नाही.

आधी नुकसानीचं बोलू. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. त्यांतले जवळजवळ ३२ कोटी परसातले, म्हणजे घरामागे, अंगणात, उकिरड्यावर चरणारे. हे धन बहुतांशी बाईच्या हातातलं असतं. अंडी विकून वही येते, कोंबडा विकून एसटीचं भाडं आणि दवाखान्याची चिठ्ठी निघते. पाहुणा आला की इज्जत राखली जाते. चौदा कोंबड्या गेल्या म्हणजे कुणाला विचारल्याशिवाय खर्च करता येणारा पैसा गेला. या नुकसानीला घरातले पुरुष हसतात, हे मी पाहिलं आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता मरणाच्या कारणांकडे वळू. परसातल्या कोंबड्या झपाट्यानं मरतात तेव्हा पहिला संशय राणीखेतचा. गावात याला मानमोडी म्हणतात, कारण काही पक्ष्यांची मान पिळवटून वाकडी होते. आपल्या आजोबांच्या पिढीत मानमोडी म्हटलं की १९१८ ची माणसांची इन्फ्लुएंझाची साथ आठवायची. एकच शब्द माणसांच्या आणि कोंबड्यांच्या मरीला वापरला गेला. विषाणू मात्र दोन्हींचे वेगळे. राणीखेतचा विषाणू १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ आणि जावा बेटावर ओळखला गेला. पाठोपाठ कुमाऊँमधल्या राणीखेतला तो आढळला आणि आपल्याकडे त्या गावाचं नाव रोगाला चिकटलं. शिंका, तोंड उघडून श्वास घेणं, हिरवट पातळ विष्ठा, लुळे पडलेले पाय किंवा पंख, ही त्याची लक्षणं. लस न दिलेल्या कळपात दहातल्या आठ-नऊ कोंबड्या आठवडाभरात जाऊ शकतात. माणसाला यापासून मोठा धोका नाही. फार तर डोळे येतात आणि बरे होतात.

दुसरा संशय बर्ड फ्लूचा. तुरा आणि गलोल निळे-जांभळे पडणं, डोकं सुजणं, पायांवर रक्ताळलेले डाग, आणि कधी कधी काहीच लक्षण न दिसता सकाळी खुराड्यात मेलेल्या कोंबड्या. अडचण अशी की राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी खात्रीनं सांगता येत नाही. अनुभवी पशुवैद्यकालाही नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

याची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. कोंबड्यांची मर त्याआधीच सुरू झाली होती आणि ती राणीखेतची समजली गेली होती. राणीखेत दरवर्षीच येतो, तसाच आला असेल, असं वाटणं स्वाभाविक होतं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झालं. मग आला आपला भाग. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत एच५एन१ हा बर्ड फ्लूचाच विषाणू सापडला. जानेवारी २०२५ मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं निष्पन्न झालं. आमच्या पवनी तालुक्यातून ब्रह्मपुरी काही लांब नाही. लग्नसंबंध, बाजार, नातीगोती सगळी त्या बाजूला आहेत.

हिवाळा हा आपल्याकडे जोखमीचा काळ का, हेही समजून घ्यावं. वैनगंगेचं पात्र, गोसेखुर्दचा जलाशय आणि जिल्ह्यातले शेकडो तलाव यांवर थंडीत स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. रानबदकं हा विषाणू स्वतः फारशी आजारी न पडता बाळगू शकतात. त्याच सुमारास धान निघतं, शिवारात कोंबड्या दूरवर चरतात, आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, कोंबड्यांची देवाणघेवाण होते, डालग्यात घातलेला कोंबडा एका गावातून दुसऱ्या गावात जातो. चोरून भरणारे कोंबडबाजार वेगळेच. तिथे चार तालुक्यांतले कोंबडे एकमेकांच्या रक्ता-लाळेत भिजतात आणि वाचलेला कोंबडा संध्याकाळी घरच्या खुराड्यात परततो. रोग पसरवण्याची याहून सोपी रीत नाही.

पण प्रत्येक मर ही साथ नसते, हेही तितकंच खरं. देवी रोगात तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात आणि तो हळूहळू पसरतो. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं रक्ताळ विष्ठा टाकून मरत असतील तर ओल्या, घाणेरड्या जागेतली रक्ती हगवण असण्याची शक्यता जास्त. कोंबडी महिनोन्‌महिने खंगत असेल तर जंत पाहावेत. आणि सकाळी ठणठणीत असलेल्या दहा कोंबड्या संध्याकाळपर्यंत एकदम पडल्या तर आधी विषाचा विचार करावा. उंदरांसाठी ठेवलेलं आमिष, औषध लावलेलं बियाणं, नुकतीच फवारणी झालेली बांधी, बुरशी लागलेला कोंडा किंवा मका, यांतलं काही त्यांच्या पोटात गेलं आहे का, ते शोधावं.

आम्ही डॉक्टर कुठल्याही साथीत तीन प्रश्न विचारतो. कोण आजारी पडलं, कुठे आणि कधी. हेच तीन प्रश्न खुराड्याला लागू पडतात. मेल्या त्या पिल्लं होत्या, तलंगा होत्या की जुन्या कोंबड्या? फक्त आपल्याच घरी की शेजारीही? पहिली कधी मेली आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांत काय बदललं? नवा पक्षी आला का, बाजारातून परत आणलेला कोंबडा होता का, खाद्य बदललं का, कुठे फवारणी झाली का? घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत एवढं लिहून ठेवलं तरी पशुवैद्यकाचं निम्मं काम होतं.

मग करायचं काय? एक कोंबडी मेली आणि दुसरी पेंगू लागली की बाकीच्यांना खुराड्याबाहेर सोडू नये. आजारी पक्षी वेगळा ठेवावा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नये. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी, तोंडाला रुमाल बांधावा, नंतर हात साबणानं धुवावेत. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तिथे फिरकू देऊ नये. मेलेली कोंबडी नाल्यात, तलावात, उकिरड्यावर टाकू नये, कुत्र्यालाही घालू नये. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावं. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा फोन क्रमांक आहे. तपासणीसाठी ताजा मृत पक्षी लागतो. तो दुहेरी पिशवीत बांधून सावलीत, जमल्यास बर्फाच्या डब्यात ठेवावा. घरच्या फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नये. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या असतील तर स्वतः पिशवी घेऊन एसटीनं निघू नये. माणूस येईपर्यंत थांबावं. नमुना घेऊन झाल्यावर, सांगतील तिथे खोल खड्डा करून, चुना टाकून पुरावं.

आजारी कोंबडी "जीव आहे तोवर" कापून खाणं थांबवलं पाहिजे. हे लिहिताना मला त्या बाईचा चेहरा आठवतो. गरिबाच्या घरात कोंबडी फेकून देणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे. नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही. सत्तर अंशांच्या वर आतपर्यंत शिजलं की तो मरतो. म्हणून निरोगी कोंबडी खायला घाबरण्याचं कारण नाही. धोका असतो तो शिजवण्याच्या आधी, मान कापताना, पिसं उपटताना, आतडी काढताना. आणि हे काम बहुधा घरातली बाईच करते.

माणसांत बर्ड फ्लू क्वचित होतो, पण झाला तर तो साधा नसतो. २००३ पासून जगभरात एच५एन१ ची लागण नोंदवलेल्या माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावली आहेत. सौम्य आजाराच्या काही रुग्णांची नोंदच होत नसेल हे धरलं, तरी आकडा गंभीर आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा आणि मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी यामुळे गेली. यावर औषध आहे, पण ते लवकर सुरू झालं तरच खरा उपयोग होतो. म्हणून आजारी वा मेलेल्या कोंबड्या हाताळल्यानंतर दहा दिवसांत ताप, खोकला, दम किंवा डोळ्यांची लाली आली तर डॉक्टरनं विचारण्याची वाट पाहू नका. "माझ्या कोंबड्या मेल्या आहेत," हे आपणहून सांगा. आणि माझ्या डॉक्टर मित्रांना विनंती, तुम्हीही विचारा. मी विचारायचा विसरलो होतो.

इथपर्यंत लोकांना सांगून झालं. पण सगळा उपदेश त्या बाईलाच करून हा लेख संपवला तर तो अप्रामाणिक होईल. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार अशी मर कळवणं हे पाळणाऱ्याचं कर्तव्य आहे. तरी लोक कळवत नाहीत, आणि त्याला कारणं आहेत. कळवलं तर काय होतं हे त्यांनी ऐकलेलं असतं. बर्ड फ्लू निघाला की एक किलोमीटरच्या परिसरातले सगळे पक्षी नष्ट करतात. मग शेजारीण म्हणते, "तुझ्यामुळं माझ्याही गेल्या." भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे जो उशिरा कळवतो त्याचं नुकसान अधिक होतं. पण ही गोष्ट गावात किती जणांना कुणी समजावून सांगितली आहे? आणि नमुना नेल्यावर त्याचं पुढे काय झालं हे घरच्या माणसाला कळतंच असं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर परत येत नाही, तो प्रश्न माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, नमुना दिलेल्या प्रत्येक घराला निकाल सांगितला जावा, एका कागदावर, मराठीत. राणीखेत निघाला तरी सांगा, काहीच निघालं नाही तरी सांगा. दुसरी, भरपाईचे दर आणि नियम ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधीच लावलेले असावेत आणि पैसे महिन्याभरात खात्यात जावेत. तिसरी, लस. राणीखेतवर चांगली, स्वस्त लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. पण लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, थंडीत ठेवावी लागते आणि फोडल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांच्या घरासाठी ती कोण फोडणार? त्यामुळे परसातला पक्षी लसीविना राहतो. उपाय अवघड नाही. पोलिओचा जसा दिवस ठरलेला असे, तसा गावाचा कोंबडी-लसीकरणाचा दिवस ठरवावा, मंडईच्या आधी. दिवस मावळला आणि कोंबड्या खुराड्यात शिरल्या की बचत गटांतल्या पशुसखींनी पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली घरोघर जावं. एका कुपीत एक आळी होते. आफ्रिकेतल्या मोझांबिक, टांझानिया या देशांत उष्णतेत टिकणाऱ्या लसीचे थेंब गावातल्याच बायकांना शिकवून हे काम झालं आहे. आपल्याकडे तर बचत गटांचं जाळं आधीच विणलेलं आहे.

लस सुरू झाली की आणखी एक फायदा होतो. राणीखेत मागे हटला की मग जी मर येते ती लगेच नजरेत भरते. आज दर हिवाळ्यात सगळीकडेच कोंबड्या मरतात, त्यामुळे खरी धोक्याची मर त्या गर्दीत लपते. नवापूरला तसंच झालं होतं.

नागपुरात ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. माणसाचं, जनावराचं आणि परिसराचं आरोग्य एकत्र पाहायचं, ही त्यामागची कल्पना. ती चांगलीच आहे. पण तिची खरी परीक्षा नागपूरच्या इमारतीत होणार नाही. आसगावच्या बाईनं सकाळी फोन केला तर दुपारपर्यंत कुणी येतं का, आणि आलेला पशुवैद्यक संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला फोन करतो का, इथे ती होईल. माझ्या रुग्णालयापासून पशुवैद्यकीय दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इतक्या वर्षांत मी तिथे गेल्या महिन्यात पहिल्यांदा गेलो. चहा प्यायलो, फोन नंबर घेतला. सुरुवात म्हणून एवढं कुठल्याही डॉक्टरला शासन निर्णयाविना करता येईल.

शेवटी एक प्रामाणिक गोष्ट. सगळं करूनही कधी कधी कारण सापडत नाही. नमुना खराब होतो, निकाल कोरा येतो. माणसांच्या वैद्यकातही कारण न कळलेला ताप असतोच. अशा वेळी अँटिबायोटिकच्या कॅप्सूल पाण्यात घोळून पाजणं हा उपाय नव्हे. विषाणूवर त्या चालत नाहीत, आणि आपल्याच औषधांची धार त्यामुळे बोथट होते. २०१९ मध्ये सरकारनं कोलिस्टिन हे औषध जनावरांत वापरायला बंदी घातली ती याच कारणानं. कारण न कळताही करता येण्यासारखं बरंच आहे. खुराडा पूर्ण रिकामा करून खरवडावा, धुवावा, चुना लावावा, कडक उन्हात उघडा ठेवावा. महिना-दीड महिना नवे पक्षी आणू नयेत. आणल्यावर दोन-तीन आठवडे जुन्यांपासून वेगळे ठेवावेत, लस दिलेलेच घ्यावेत. पाण्याचं भांडं रोज घासावं.

त्या बाईनं उन्हाळ्यात सहा तलंगा आणल्या आहेत. मध्ये ती रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली होती, तेव्हा मी कोंबड्यांचं आधी विचारलं. "चांगल्या आहेत जी," ती म्हणाली, "टोचून घेतल्या." मग थोडं थांबून विचारलं, "पण त्या चौदा कायनं मेल्या असतीन, डाक्टरसाहेब?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी ते असावं.